तुकडोजी महाराज

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (मूळ नाव: माणिक बंडोजी इंगळे, जन्म: यावली, अमरावती जिल्हा, ३० एप्रिल १९०९, मृत्यू: गुरुकुंज मोझरी, अमरावती जिल्हा, ११ ऑक्टोबर १९६८) हे वऱ्हाडातील संत, कवी व समाजसुधारक होते. खंजिरीच्या साथीने गायलेली भजने आणि 'ग्रामगीता' हा ग्रंथ यांसाठी ते ओळखले जातात. कर्करोगाने त्यांचे निधन झाले. नागपूर येथील प्रादेशिक कर्करोग रुग्णालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

== बालपण ==
माणिक यांचा जन्म गरीब कुटुंबात झाला. त्यांच्या आईचे नाव मंजुळाबाई होते. शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. वरखेड येथील आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू असून 'तुकड्या' हे नाव त्यांनीच दिले. किशोरवयात माणिक यांनी घर सोडले. रामटेक, सालबर्डी आदी ठिकाणच्या अरण्यात त्यांनी साधना केली.

== कार्य ==
इ.स. १९३५ मध्ये त्यांनी अमरावती-नागपूर मार्गावरील मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. पुढील वर्षी महात्मा गांधी यांच्या निमंत्रणावरून ते सेवाग्राम येथे राहिले. १९४२ च्या 'भारत छोडो' आंदोलनात त्यांना अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील कारागृहांत ठेवण्यात आले. सुटकेनंतर श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या शाखांद्वारे त्यांनी ग्रामसफाई, सामुदायिक प्रार्थना, व्यसनमुक्ती आणि अस्पृश्यता निवारण हे कार्यक्रम खेडोपाडी नेले. १९५५ मध्ये जपान येथील विश्वधर्म परिषदेस ते उपस्थित होते.

'ग्रामगीता' या ग्रंथाचे ४१ अध्याय असून त्यात ४,६७५ ओव्या आहेत. शिक्षण, श्रम व ग्रामसंघटन यांबरोबरच गावाच्या आरोग्याचाही विचार या ग्रंथात स्वतंत्रपणे केलेला आहे. औषधोपचारापूर्वी स्वच्छता, योग्य आहार व निर्व्यसनी राहणी यांनी रोग टाळावा, असा त्यांच्या शिकवणुकीचा रोख होता.

== आजार व निधन ==
आयुष्याच्या अखेरीस त्यांना कर्करोगाने ग्रासले. सर्व शक्य उपचार करण्यात आले. परंतु गुण आला नाही. त्या काळी शस्त्रक्रिया, किरणोपचार व मोजकी औषधे एवढेच उपाय वैद्यांच्या हाती होते. श्राव्यातीत ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून त्या उष्णतेने शरीराला छेद न देता ऊती नष्ट करता येतात, हे अमेरिकेत १९४२ पासूनच्या प्रयोगांतून दिसले होते. तथापि, गाठीचे नेमके स्थान दाखवणारी प्रतिमांकन यंत्रे तेव्हा उपलब्ध नव्हती. त्यामुळे पुरःस्थ ग्रंथीसारख्या काही अवयवांच्या कर्करोगावर ही पद्धत बऱ्याच उशिरा वापरात आली. शरीरभर पसरलेल्या कर्करोगावर ती आजही पुरेशी ठरत नाही.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंज आश्रमात महाराजांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे.

== स्मृती व वारसा ==
मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कार्यरत असले, तरी ते अमरावतीहून सहाशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या किरणोपचारासाठी तेथे राहणे शेतमजुरास व अल्पभूधारकास परवडणारे नव्हते. नागपूर येथील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयामुळे विदर्भातील रुग्णांना उपचाराचे जवळचे केंद्र मिळाले. ते अमरावतीपासून सुमारे १५० आणि अकोल्यापासून सुमारे २५० किलोमीटरवर आहे. तंबाखू व खऱ्र्याच्या सवयीमुळे मुखाचा कर्करोग या भागात मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यामुळे महाराजांच्या व्यसनमुक्तीच्या प्रचाराचे महत्त्व आजही टिकून आहे.

भारतीय टपाल खात्याने १९९५ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. दरवर्षी गुरुकुंज येथे पुण्यतिथी महोत्सव भरतो. त्यात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी वऱ्हाडातून व बाहेरून आलेले भाविक स्तब्ध राहून मौन श्रद्धांजली अर्पण करतात.