परमगुरू पोप तेरावे लिओ आणि हिंदुस्थानातील गुरुविद्यापीठ

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आम्हा मोहोळ परिसरातील ख्रिस्तजनांना ज्यांचे स्मरण अवश्य केले पाहिजे असे वाटते, त्या महापुरुषाने ही भूमी कधीही पाहिली नाही. ते परमगुरू पोप तेरावे लिओ होत.

ज्योआकिनो पेच्ची हे त्यांचे मूळ नाव. रोमच्या दक्षिणेस कार्पिनेतो या डोंगरी गावी २ मार्च १८१० रोजी ते जन्मले. येशूसंघीयांच्या विद्यालयांत शिकून १८३७ साली त्यांनी गुरुदीक्षा घेतली. पुढे बेल्जियममध्ये पोपचे वकील व १८४६ पासून पेरुजाचे बिशप म्हणून त्यांनी सेवा केली. तेथील गुरुविद्यार्थ्यांच्या शिक्षणाकडे त्यांचे विशेष लक्ष असे. १८७८ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ते पोप झाले. रोम शहर पोपांच्या हातून गेलेले असल्यामुळे ते व्हॅटिकनबाहेर पडत नसत. परंतु त्यांची दृष्टी दूरदेशी पोहोचत असे.

१ सप्टेंबर १८८६ रोजी त्यांनी हिंदुस्थानातील धर्मप्रांतांची स्थापना केली. आमचा पुणे धर्मप्रांत त्यांतलाच होय. मात्र धर्मप्रांत स्थापिले तरी धर्मगुरू परदेशाहूनच यावेत, हे त्यांना पुरेसे वाटेना. परदेशी धर्मगुरूला येथील भाषा शिकण्यातच वर्षे घालवावी लागतात, आणि राजकीय उलथापालथ झाल्यास त्याला देश सोडावा लागेल. मग ख्रिस्तजनांना साक्रामेंते कोण देणार? म्हणून देशी मुलांनीच धर्मगुरू व्हावे, असे त्यांनी २४ जून १८९३ च्या पत्रात प्रतिपादिले आणि त्या कार्यासाठी युरोपातील भाविकांकडे मदत मागितली. त्याच वर्षी सिंहलद्वीपात कँडी येथे त्यांनी पेपल सेमिनरी स्थापिली व ती बेल्जियन येशूसंघीयांच्या हाती सोपविली. २० जुलै १९०३ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी पूर्ण आयुष्य भोगून, ते प्रभुचरणी लीन झाले.

त्यांनी लावलेले रोप मात्र वाढतच गेले. १९२६ साली त्या संस्थेस तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांच्या पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. १९५५ साली ती पुण्यास आली, आणि तेथील पदवीदान करणारे विद्यापीठ पुढे ज्ञानदीप या नावाने प्रसिद्धीस आले. सिंहलद्वीपातील ती विद्या आता आमच्या मोहोळच्याच रेल्वेमार्गावर येऊन वसली आहे.

वाचकहो, पोपमहाशयांनी विद्यालय दिले. विद्यार्थी देणे घराघरातील मातापित्यांच्या हाती आहे. आमच्या घरांतून एखादा पुत्र या वेदीसाठी निघाला, तर त्या थोर पुरुषाचे ऋण काही अंशी फिटले असे आम्ही समजू.