डोळे मिटा, वेग कळेल!

पुढच्या वेळी मित्राच्या गाडीत बाजूच्या सीटवर बसलात की एक प्रयोग करून बघा. मोबाइल खिशात टाका आणि दोन मिनिटं डोळे मिटा. मित्राला एखादा विषय काढून द्या, बोलू द्या. मग तुम्ही बोला. गाडी एकसारखी चाललेलीच नाही, हे तुमच्या पाठीला कळेल. बोलण्याच्या नादात अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सैल होतो, ऐकताना पुन्हा दाबला जातो. हळू, जोरात, पुन्हा हळू. चालवणाऱ्याच्या हे गावीही नसतं.

हे मला सुचलेलं नाही. माझ्या काकाचा जुना डिझेल टेम्पो आहे. समृद्धी महामार्गावरून लांबच्या फेऱ्या असतात. तासन्‌तास एकाच कोनात पाय धरून त्याचा गुडघा भरून येतो. नव्या गाड्यांमध्ये ते क्रूझ कंट्रोल असतं, ते आपल्या टेम्पोला बसेल का, असं त्याने मला विचारलं. मी उत्तर शोधायला बसले आणि मला सापडले राल्फ टीटर. वेग आपोआप कायम ठेवणारी ही सोय ज्यांनी शोधली, त्यांना रस्ता दिसतच नव्हता. ते पूर्ण अंध होते.

राल्फचा जन्म १७ ऑगस्ट १८९० चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या हॅगर्सटाउन या छोट्या गावातला. पाच वर्षांचा असताना तो चाकूने एक ड्रॉवर उघडायला गेला. चाकू सटकला आणि एका डोळ्यात गेला. पुढच्या काही महिन्यांत दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली.

आता विचार करा, आपल्या घरात असं झालं असतं तर काय झालं असतं? पोराला कुणी चाकूच काय, साधा पेचकसही हातात धरू दिला नसता. टीटरांच्या घरात उलटं झालं. त्या घराचा व्यवसायच यंत्रांचा होता. रेल्वे रुळांची तपासणी करणाऱ्या हलक्या गाड्या त्यांच्याकडे बनायच्या. आईवडिलांनी मुलाला वेगळं वागवायचं नाही असं ठरवलं आणि त्याला कारखान्यात मोकळं सोडलं. राल्फ बोटांनी यंत्रं ‘बघायला’ शिकला आणि बाराव्या वर्षी त्याने चुलतभावासोबत एक मोटारगाडी बनवली!

खरी परीक्षा पुढे होती. त्याला मेकॅनिकल इंजिनीअरिंग करायचं होतं. ड्रॉइंग बघू न शकणाऱ्या मुलाला कोण अ‍ॅडमिशन देणार? नकार आले. शेवटी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दार उघडलं. तिथेच शिकत असलेली त्याची चुलतबहीण नेव्हा हिने त्याच्यासाठी शब्द टाकला आणि अभ्यासातही साथ दिली. १९१२ मध्ये तो इंजिनीअर होऊन बाहेर पडला. सबमिशनच्या आदल्या रात्री रडगाणं गाणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य परत वाचावं.

पहिल्या महायुद्धात टीटर न्यू जर्सीतल्या कॅमडेनच्या जहाज कारखान्यात होते. नौदलाच्या विनाशिकांमधल्या वाफेच्या टर्बाइनचे फिरणारे भाग संतुलित करायचे होते. प्रचंड वेगात फिरताना जरा जरी तोल गेला तरी सगळं हादरतं. कंप कुठून येतोय, हे टीटरांच्या बोटांना कळायचं. या अवघड कामात त्यांची पद्धत उपयोगी पडली. पुढे घरच्या कंपनीने पिस्टन रिंग बनवायला सुरुवात केली आणि ‘परफेक्ट सर्कल’ हे नाव मोटार धंद्यात गाजलं. १९३६ मध्ये टीटर अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेचे, म्हणजे एसएईचे अध्यक्ष झाले. आज तुमच्या कॉलेजमधली मुलं बाहा स्पर्धेसाठी गाडी बनवताना ज्या संस्थेचं नाव घेतात, ती हीच. १९४६ मध्ये ते परफेक्ट सर्कलचेही अध्यक्ष झाले.

मग क्रूझ कंट्रोल कुठून आलं? तर बाजूच्या सीटवरून. टीटर त्यांच्या वकिलासोबत गाडीने जायचे. वकीलसाहेब बोलायला लागले की गाडी मंदावायची, ऐकायला लागले की पळायची. टीटरांना हे धक्के असह्य व्हायचे, असं सांगतात. त्यात दुसऱ्या महायुद्धाचा काळ. रबर आणि पेट्रोल वाचवण्यासाठी अमेरिकेत ताशी ३५ मैल, म्हणजे साधारण ५६ किलोमीटरची वेगमर्यादा आली होती. एक ठरावीक वेग धरून ठेवणं ही आता सगळ्यांचीच गरज होती.

टीटरांनी पेटंटसाठी अर्ज केला १९४८ मध्ये आणि पेटंट मिळालं २२ ऑगस्ट १९५० रोजी. तेव्हा त्यांनी नुकतीच साठी गाठली होती. त्या पहिल्या यंत्राची गंमत बघा. ते गाडी स्वतः पळवत नव्हतं. चालकाने वेग ठरवायचा. गाडीने तो गाठला की पेडल पायाला उलटं ढकलायचं. चालकाला वेग डोळ्यांनी नाही, तळपायाने कळायचा! गरज पडली तर जोर लावून पुढे जाताही यायचं. ठरलेला वेग धरून ठेवणारं कुलूप नंतर आलं. ब्रेकला पाय लागला की ते सुटायचं.

‘स्पीडोस्टॅट’ या नावाने ते ओळखलं जाऊ लागलं. १९५८ च्या मॉडेल्समध्ये क्रायस्लरने ते आपल्या महागड्या गाड्यांत ‘ऑटोपायलट’ म्हणून दिलं. कॅडिलॅकने त्याला ‘क्रूझ कंट्रोल’ म्हटलं आणि तेच नाव टिकलं. १९६३ मध्ये परफेक्ट सर्कल डेना कंपनीकडे गेली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, तेव्हा एकसारख्या वेगाने इंधन वाचतं हे लोकांना पटलं. कंपनीतून क्रूझ कंट्रोल न आलेल्या जुन्या गाड्या, व्हॅन आणि ट्रकांसाठी किट विकली जाऊ लागली. त्यातली काही चक्क परफेक्ट सर्कल याच नावाने यायची.

आता काकाच्या प्रश्नाकडे येऊ. बसतं का? बसतं, पण समजून घ्या. अशा किटमध्ये गाडीच्या फिरत्या प्रोपेलर शाफ्टवर चुंबक लावतात. शेजारची कॉइल त्याचे फेरे मोजते. छोटा कंट्रोल बॉक्स त्यावरून वेग ठरवतो आणि सर्व्हो थ्रॉटलची केबल ओढतो किंवा सोडतो. पेट्रोल गाडीत हा सर्व्हो इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालू शकतो. डिझेल इंजिनात तसा व्हॅक्यूम आपसूक मिळत नाही. तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, नाहीतर विजेवर चालणारा सर्व्हो. गिअर हाताने टाकायचे असतील तर क्लचलाही स्विच हवा. नाहीतर क्लच दाबल्यावर इंजिन मोकळं सुटून किंचाळेल. आणि सगळ्यात महत्त्वाची ब्रेकची वायर. ब्रेक दाबला की यंत्राने तत्काळ हात सोडला पाहिजे. वेग धरता येणं ही सोय आहे, पण सोडता येण्यावर जीव अवलंबून आहे.

हे सगळं मी काकाला समजावलं. तो टेम्पो घेऊन त्याच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेला. मेकॅनिकने किटची किंमत नंतर सांगतो म्हटलं आणि आधी मागे उभं राहून काकाला ब्रेक दाबायला लावला. मागचे दिवे लागलेच नाहीत. ब्रेकचा स्विच कधीचा बंद पडला होता! काकाला माहीतच नव्हतं. क्रूझ कंट्रोलला ब्रेकचा निरोप याच स्विचकडून मिळतो. तो न तपासता किट बसवलं असतं, तर... पुढचं मला लिहवत नाही.

टीटर १५ फेब्रुवारी १९८२ रोजी गेले, वयाच्या ९१ व्या वर्षी. आपल्या अंधत्वाचं भांडवल त्यांनी कधी केलं नाही. मोटार धंद्यातल्या त्यांच्या कामासाठी १९८८ मध्ये त्यांना ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. इंजिनीअरिंग शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकांसाठी एसएई आजही त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

काकाच्या टेम्पोला क्रूझ कंट्रोल अजून बसलेलं नाही. गाडीत बदल करायचा तर आरटीओचे नियम बघावे लागतील, पैसेही जमवावे लागतील. पण ब्रेकचा नवा स्विच मात्र त्याच दिवशी बसला. तुमच्या घरच्या जुन्या गाडीच्या मागे आज एकदा उभे राहा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. दिवे लागतात का?