लोखंडी नांगरामागचा माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर

आज ट्रॅक्टरच्या जमान्यात लोखंडी नांगराचं कुणाला नवल वाटत नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अख्खा लोखंडाचा नांगर रानात घातला तर जमिनीत विष उतरेल, असं लोक मानत. त्या काळात असा नांगर बनवायचं धाडस एका सायकल दुकानदारानं केलं. ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकलेच्या ओढीनं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तिथं काही रंग ओळखू येत नाहीत असं निघालं आणि चित्रकला सुटली. मग ते यंत्रांचे आराखडे काढायला शिकले, मुंबईतच तंत्रशाळेत शिक्षक झाले. पुढे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले.

थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर त्यांचं सायकलचं दुकान होतं. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायच्या. त्यातूनच छोटा कारखाना उभा राहिला. आधी कडबा कापायचं यंत्र निघालं आणि १९०३ साली लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण घ्यायला कुणी येईना. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. लाकडी नांगर माती नुसती फाडतो. हा नांगर ती उलटी करतो, हरळीच्या मुळ्या उन्हात आणतो. हे कळायला शेतकऱ्याला नांगरलेलं रान बघावं लागलं. दोन वर्षं माल पडून राहणं म्हणजे काय, हे छोट्या धंदेवाल्यालाच ठाऊक! पण दोघं भाऊ एका विचाराचे, म्हणून दुकान टिकलं.

पुढं बेळगाव नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला, कर्जही दिलं. निवडुंग आणि सापांचा तो माळ. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी वसली. घरची माणसं आणि जुने कामगार असे सगळे तिथं राहायला आले. वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांनी बघितली. लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही काम दिलं, रात्रीच्या राखणीवरसुद्धा ठेवलं.

मुलगा शंतनुराव आणि पुतण्या माधव यांना त्यांनी शिकायला अमेरिकेला धाडलं. माधव क्षयानं गेला. घराला तो मोठा घाव होता. शंतनुराव शिकून परत आले आणि त्यांनी धंदा पुढं नेला. नांगराबरोबर उसाचे चरक आणि पंपही गावोगाव पोचले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

विस्ताराचं काम करताना आम्हाला आजही तोच अनुभव येतो. नवीन अवजार म्हटलं की शेतकरी दोन पावलं मागं सरतो. त्यात त्याची चूक नाही, कारण हंगाम बुडाला तर त्याचाच बुडतो. म्हणून ग्रामसेवक, कृषी सहायक मंडळींनी नुसती माहितीपत्रकं वाटू नयेत, बांधावर अवजार चालवून दाखवावं. शेतकरी बंधूंनीही ऐकीव गोष्टीवरून नाही म्हणू नये. पाच-दहा गुंठ्यांत करून बघावं, शेजारच्या रानाशी ताडून बघावं, मगच ठरवावं. लोखंडी नांगरसुद्धा असाच एकेका रानातून पुढं सरकला.