इंदूर पद्धतीचे सर अल्बर्ट हॉवर्ड

शेतीचा डिप्लोमा करताना कंपोस्टची 'इंदूर पद्धत' आम्ही पाच गुणांचा प्रश्न म्हणून पाठ केली होती. ती आपल्याच गावात, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात जन्मली, हे कळले ते नोकरीला लागल्यावर!

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म १८७३ मध्ये इंग्लंडातील श्रॉपशायरमध्ये, शेतकऱ्याच्या घरात झाला. १९०५ साली ते बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी गव्हाचे पुसा वाण काढले. पण जमीनच उपाशी असेल तर चांगले वाण तरी काय करणार, हे त्यांना उमगले. आसपासच्या शेतकऱ्यांना ते आपले गुरू मानीत.

१९२४ मध्ये होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे ३०० एकरांवर इंदुरात संस्था उभी राहिली. निघाली कापसासाठी, गाजली खतासाठी. शेण गोवऱ्या होऊन चुलीत जात होते, शेताला उरत होते थोडेच. हॉवर्ड यांनी पालापाचोळा, पऱ्हाट्या, थोडे शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख खड्ड्यात थराथराने रचली, पाणी शिंपडले, तीनदा खालीवर केले. तीन महिन्यांत खत तयार. टणक पऱ्हाट्या आधी शेतरस्त्यावर पसरायच्या, बैलगाड्या जाऊन त्यांचा भुगा व्हायचा. खर्च शून्य!

या कामात रसायनाची बाजू यशवंत वाड यांची. १९३१ च्या पुस्तकावर दोघांची नावे आहेत. साहेब जगभर गाजले, पुढे 'सर' झाले; वाड मागेच राहिले. आपल्या मंडळींनी तरी त्यांना विसरू नये.

गॅब्रिएलबाई १९३० मध्ये गेल्या आणि पुढच्या वर्षी हॉवर्ड यांनी इंदूर सोडले. १९३५ साली गांधीजी येथे येऊन हे खत पाहून गेले. इंग्लंडात हॉवर्ड रासायनिक खतांविरुद्ध अखेरपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर १९४७ पर्यंत भांडले. इथे मात्र आमचे त्यांच्याशी पटत नाही. साठच्या दशकात अमेरिकेचा गहू बोटींनी येत होता. नवे वाण, कालवे आणि युरिया नसता, तर पंजाबचा गहू आपल्या रेशन दुकानापर्यंत पोहोचला नसता. पण माती परीक्षणाचे कागद हाताळताना सेंद्रिय कर्बापुढे 'कमी' हा शेरा वारंवार दिसतो, तेव्हा साहेब आठवतात.

मंडळाचे निर्माल्य दोन वर्षांपासून आम्ही खड्ड्यात घालतो. पहिल्या वर्षी खालीवर करायचे राहिले आणि असा वास सुटला की शेजारच्या काकू भांडायला आल्या. गेल्या वर्षी मात्र त्याच काकू तुळशीसाठी दोन घमेली खत घेऊन गेल्या.