शाहीर अमर शेख

‘शाहीर’ हा शब्द मूळ अरबी ‘शाइर’वरून आला. मराठीत तो इतका मुरला की, पोवाडा हा आपला प्रांत नव्हे असे आज आमच्याच वर्गातील मुले समजतात. हा समज खोटा ठरविणारे आयुष्य अमर शेख जगून गेले.

त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे. घरची गरिबी. आई मुनेरबी यांच्या तोंडी ओव्या व लोकगीते असत. मराठी कवितेची पहिली शाळा त्यांना घरात मिळाली, ती अशी. पुढे मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, संप आणि तुरुंगवास. त्यानंतर ते कोल्हापूरला मास्टर विनायकांकडे गेले. ‘अमर शेख’ हे नाव तेथलेच.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्यांचा कम्युनिस्ट पक्ष आपल्यापैकी अनेकांना पटणार नाही, मलाही सर्वस्वी पटत नाही. परंतु त्यांची स्वातंत्र्याची कल्पना समजून घेण्यासारखी आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी परकी सत्ता गेली, तरी त्यांच्या हातातील डफ खाली आला नाही. गोव्यात पोर्तुगीज बसले होते, मराठी मुलूख तुकड्यांत विभागलेला होता, आणि गिरणीतल्या माणसाची स्थिती होती तशीच होती. हे सर्व सुटेपर्यंत स्वातंत्र्य अपुरे, असे ते मानीत.

हे सांगायचे कोणाला? ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांना. तेथे भाषणापेक्षा गाणे लवकर पोहोचते. दूर कझाकांच्या गवताळ मुलखातही असेच घडले होते. तेथे शाहिराला अकीन म्हणतात. मखमबेत उतेमिसुली हा अकीन खानाच्या जुलमाविरुद्ध १८३६ ते १८३८ च्या उठावात स्वतः लढला, १८४६ साली मारला गेला. त्याची कवने लोकांच्या तोंडी उरली.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांचा पहाडी आवाज गावोगाव घुमला. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड त्यांनीच घराघरांत नेली. मुंबईपासून तोडलेल्या मराठी माणसाची व्यथा तीत विरहाच्या रूपाने येते. गाणारा मुसलमान, रचणारा मातंग. पण त्या सभांत हे कोणी मोजत बसले नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ च्या चिनी आक्रमणात जवानांसाठी निधी गोळा करण्यास ते पुन्हा बाहेर पडले.

‘कलश’ (१९५८) व ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे कवितासंग्रह. त्यांची कन्या मलिका अमर शेख याही मराठीतील नामवंत कवयित्री.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले. त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता, तोच २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख मृत्यू पावले. वय अवघे बावन्न.