विनायक लक्ष्मण भावे

विनायक लक्ष्मण भावे यांचा जन्म १८७१ सालचा. शास्त्र शिकून त्यांनी पदवी मिळवली, पुढे मिठाचा व्यवसाय केला. पण त्यांचा जीव रमे तो जुन्या मराठी पोथ्यांत.

त्या काळी वाचनालयांची नावेदेखील पुष्कळदा इंग्रजी असत. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशी पाटी पाहून साधा माणूस दारातच थबकत असेल, तर नवल नाही. आत जाऊन पुस्तक मागायचे तरी कोणत्या भाषेत?

ठाण्याजवळ कल्याणात १८६४ पासून वाचनालय होते. भाव्यांचा विचार मात्र वेगळा होता. १ जून १८९३ रोजी सहकाऱ्यांसह त्यांनी ठाण्यात ‘मराठी ग्रंथसंग्रहालय’ सुरू केले. नाव मराठी, ग्रंथही मराठीच. आता वाचकाने घरच्या बोलीत विचारावे आणि ग्रंथपालाने त्याच बोलीत ग्रंथ सुचवावा. उर्दू कुतुबखान्यात आपल्याला वाटतो, तसाच हा मोकळेपणा! पाच वर्षांनी, १८९८ साली, मुंबईतही असे मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले.

भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. १९२६ साली ते वारले. त्यांचे ग्रंथसंग्रहालय ठाण्यात आजही चालू आहे.