सर दोराबजी टाटा : दुःखातून उभे राहिलेले रुग्णालय

देवास जिल्ह्यातील पीपलरावांसारख्या लहान गावात कोणाला कर्करोग झाल्याचे कळले, म्हणजे घरची माणसे आधी देवासला व मग इंदूरला धाव घेतात. तेथेही निभावले नाही तर मुंबईची गाडी धरतात. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे नाव त्यांना ठाऊक असते. पण हे टाटा कोण आणि हे स्मारक कोणाचे, हे फार थोड्यांना माहीत असते. ती हकिकत आपल्या मंडळ्यांतील थोरांनी व मुलांनी ऐकावी अशी आहे.

दोराबजी टाटा यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत एका पारशी घराण्यात झाला. सुप्रसिद्ध उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे ते थोरले चिरंजीव. केंब्रिज येथे काही काळ शिकून ते परतले व १८८२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवीधर झाले. दोन वर्षे त्यांनी वर्तमानपत्रात काम केले आणि नंतर वडिलांच्या व्यवसायात शिरले. खेळांची त्यांना मनापासून आवड होती. १९२० साली भारताचे खेळाडू ऑलिंपिक सामन्यांसाठी अँटवर्पला गेले, त्यामागे त्यांचाच पुढाकार व पैसा होता.

१८९८ साली त्यांचा विवाह मेहेरबाई भाभा यांच्याशी झाला. मेहेरबाई म्हैसूर संस्थानातील एका शिक्षणाधिकाऱ्याच्या कन्या. सुशिक्षित, खेळकर आणि निर्भय अशी ही बाई होती. स्त्रियांचे शिक्षण व्हावे आणि बालविवाह बंद व्हावेत यासाठी त्यांनी देशात व परदेशातही आवाज उठविला. या दांपत्याला मूलबाळ नव्हते.

१९०४ साली जमशेटजी वारले. पोलादाचा कारखाना काढण्याचे त्यांचे स्वप्न अपुरेच राहिले होते. लोखंडाच्या शोधात दोराबजी वडिलांच्या हयातीतच चांद्याच्या रानावनातून बैलगाडीने हिंडले होते. १९०७ साली कंपनी स्थापन झाली तेव्हा भांडवल देशातील लोकांनीच उभे केले आणि १९१२ साली जमशेदपूरला पहिले पोलाद निघाले. १९१० मध्ये सरकारने दोराबजींना ‘सर’ हा किताब दिला होता.

पहिल्या महायुद्धानंतर मात्र कंपनीवर मोठे संकट आले. १९२४ साली तर कामगारांचे पगार द्यायलाही पैसा उरला नाही. तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता बँकेकडे गहाण टाकली व सुमारे एक कोटी रुपयांचे कर्ज उभे केले. त्या गहाणात मेहेरबाईंचे दागिने होते आणि त्यांत ज्युबिली नावाचा प्रसिद्ध हिराही होता. वजनाने तो सुमारे २४५ कॅरट, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. नवऱ्याने हौसेने घेऊन दिलेला हा हिरा परक्या मजुरांच्या पगारासाठी बँकेत गेला. पुढे कंपनी सावरली आणि कर्ज फिटले.

खरी कसोटी यानंतर आली. मेहेरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला. पैशाला तोटा नव्हता. वेल्समधील एका नामांकित शुश्रूषागृहात त्यांच्यावर उपचार झाले, पण त्या काळी या रोगावर इलाजच नव्हता. १८ जून १९३१ रोजी वयाच्या ५१व्या वर्षी त्या वारल्या. लंडनजवळच्या ब्रुकवूड येथे त्यांचे दफन झाले.

बहात्तरीला टेकलेला हा धनवान पुरुष एकाकी झाला. अशा वेळी माणूस कडवट होतो, नाहीतर आपले दुःख उगाळीत बसतो. दोराबजींनी तसे केले नाही. वर्षाच्या आत त्यांनी दोन न्यास स्थापन केले. एक मेहेरबाईंच्या नावाने, रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी. दुसरा स्वतःच्या नावाने, आणि त्यात आपली जवळजवळ सर्व संपत्ती, पत्नीचे जडजवाहीरसुद्धा, त्यांनी घालून टाकली. जात, धर्म वा प्रांत न पाहता त्या पैशाचा उपयोग व्हावा, अशी त्यांची व्यवस्था होती. नंतर पत्नीच्या कबरीचे दर्शन घ्यावे म्हणून ते युरोपला निघाले. वाटेत जर्मनीत बाड किसिंगेन येथे ३ जून १९३२ रोजी त्यांचा अंत झाला. वर्षश्राद्धाला पंधरा दिवस उरले होते. ब्रुकवूडला पत्नीशेजारीच त्यांना ठेवण्यात आले.

पुढे तो हिरा विकला गेला व त्याचा पैसा न्यासात आला. न्यासाने लोकोपयोगी संस्था उभ्या केल्या. १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. तिचे पहिले संचालक होते अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशर्ट. नागपाड्याच्या गरीब वस्तीत त्यांनी केलेले काम आपल्या मंडळ्यांतील जुन्या घराण्यांना ऐकून माहीत असेल. मग २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाचे दार उघडले. सुरुवातीला तेथे अवघ्या ८० खाटा होत्या. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. त्या खात्याचे तेव्हाचे प्रमुख डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे. आज तेथे शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधोपचार, तपासणी व संशोधन अशी सर्व कामे होतात. गरीब रुग्णांवर मोफत किंवा अगदी थोड्या खर्चात उपचार होतात, आणि राहण्याची सोय व मदतनिधी यांची वाट दाखविणारे समाजसेवकही असतात.

दोराबजी ख्रिस्ती नव्हते. पण आपल्या प्रभूने शेजारी कोण हे समजावताना ज्याचे उदाहरण दिले, तो शोमरोनीही ऐकणाऱ्यांच्या गोतातला नव्हता. त्या दाखल्यातील एका गोष्टीकडे आपले सहसा दुर्लक्ष होते. शोमरोन्याने जखमा बांधल्या, एवढ्यावर तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला पुढे जायचे होते, म्हणून त्याने उतारशाळेच्या रक्षकाजवळ पैसे ठेवले व अधिक लागल्यास भरून देण्याचे कबूल केले. आपण नसतानाही जखमीची सेवा चालू राहावी, ही त्याची तरतूद होती. दोराबजींनी हेच केले. रुग्णालयाची एक वीटही त्यांनी पाहिली नाही, पण रक्षकाजवळ ठेवलेले पैसे कामी आले.

कोणी म्हणेल, धनवानाला देणे सोपे, आणि मूलबाळ नसलेल्याला तर अधिकच सोपे. हा आक्षेप अगदीच खोटा नाही. विधवेच्या दोन टोल्यांची सर कोट्यवधींना येत नाही, हे आपण जाणतो. पण ज्या रोगाने आपले माणूस नेले, त्याच रोगाने गांजलेल्या अनोळखी लोकांकडे पाहणे, हे पैशाने होत नाही. त्याला मन लागते.

हे मन आपल्याही आवाक्यात आहे. मंडळीतील एखाद्या कुटुंबाला इंदूर वा मुंबई गाठावी लागली, तर बरोबर जाणारे एक माणूस, गाडीभाडे, आणि मागे राहिलेल्या मुलांचे जेवण एवढे तरी आपण पाहू शकतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना तंबाखू व गुटख्यापासून दूर राहण्यास शिकवावे, कारण तोंडाचा कर्करोग बहुतांशी त्यातूनच येतो. बरी न होणारी जखम, न दुखणारी गाठ, अवेळी होणारा रक्तस्राव यांची लाज बाळगू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे. रोग लवकर कळला तर पुष्कळदा बरा होतो. मेहेरबाईंच्या वेळी जो इलाज नव्हता, तो आज आहे. तो वेळेवर घेतला जावा, एवढे पाहणे आपल्याकडे आहे.